डोंगराच्या पोटातली गाडी: काकांच्या लेआउटमधल्या सेन्सरचं प्रकरण

पार्श्वभूमी

नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांचा लेआउट, म्हणजे घरात मांडलेली छोटी मॉडेल रेल्वे, आहे त्यांना काका म्हणतो आणि त्यांच्या बहिणीच्या मुलाला भाचा. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर, कुर्डुवाडी, होटगी, सोलापूर असं सगळं आयुष्य रुळाकडेलाच गेलं. भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, या दोघांना सुटे पार्ट आणि फुकटचे सल्ले दोन्ही माझ्याकडूनच जातात, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच.

घर सोलापूरच्या पूर्व भागात, शेजारी टॉवेलचे लूम दिवसभर खडखडतात. गच्चीवर पत्र्याची खोली, पश्चिमेला एक खिडकी, आणि आत आठ बाय चार फुटाच्या प्लायवूडवर एचओ स्केलची रेल्वे. एचओ म्हणजे १:८७. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याला ८७ नी भागलं तर सव्वाएकोणीस येतात, पण एचओचा रूळ मिळतो १६.५ मिलिमीटरचाच कारण तो बाहेरच्या १४३५ च्या गेजवरून काढलेला आहे. आपल्याकडे सगळे त्याच रुळावर निळे आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचे) डबे पळवतात आणि कुणाला काही वाटत नाही. काकांना वाटतं. "माझी गाडी मीटरगेज आणि ब्रॉडगेजच्या मधी कुठंतरी चालती," असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

लेआउटवर एक स्टेशन, एक फाटक, आणि मागच्या बाजूला थर्माकोलचा डोंगर. डोंगराच्या पोटात दोन लाईनी लपवलेल्या. एक गाडी बोगद्यात शिरते, आत थांबते, आणि दुसरीच गाडी दुसऱ्या तोंडातून बाहेर येते, पोरांना वाटतं डोंगरात गाडी बदलते. सगळी मजा यातच आहे आणि सगळी भानगडही यातच, कारण आतलं दिसत नाही. गाडी कुठंपर्यंत आली, थांबली का, लाईन मोकळी आहे का, हे सगळं सेन्सरनेच सांगायचं. लेआउट साध्या डीसीवर चालतो, रूळ तुकड्या-तुकड्यात कापलेले आणि प्रत्येक तुकड्याला एक रिले, म्हणजे करंटने चालणारा स्विच. आर्डुइनो उनो या प्रोग्राम घालता येणाऱ्या छोट्या बोर्डाने रिले ओढला की त्या तुकड्यात करंट जातो आणि गाडी चालते, सोडला की गाडी जागेवर उभी.

सेन्सर सहा होते, सगळे एलडीआर, म्हणजे उजेड कमी-जास्त झाला की ज्याचा रेझिस्टन्स बदलतो तो पार्ट. दोन फाटकाच्या अलीकडे-पलीकडे, आणि डोंगरातल्या दोन्ही लाईनींना आत शिरायच्या तोंडाशी एक आणि बाहेर पडायच्या तोंडाशी एक. उनोला ॲनालॉग पिना, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज आकड्यात वाचणाऱ्या, सहाच असतात, ए० ते ए५, त्यामुळे हिशोब अगदी बरोबर बसला म्हणून भाचा खूश होता. दोन स्लीपरच्या मध्ये पाच मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात एलडीआर वर तोंड करून बसवायचा, एका दहा के (किलोओहम) रेझिस्टन्सबरोबर जोडायचा आणि ० ते १०२३ मधला आकडा वाचायचा. गाडी वर आली की अंधार, आकडा खाली. डोंगरात उजेडच नव्हता म्हणून छताला आतून बारा व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवली. पट्टी मी दिली, आणि तिचा ॲडॅप्टर जवळ दिसला त्या बोर्डात मीच खोचला. हे वाक्य लक्षात ठेवा.

अडचण कुठून सुरू झाली

पहिलं रडगाणं फाटकाचं. संध्याकाळ झाली की गाडी नसतानाही फाटक पडायचं, आणि भर दुपारी गाडी निघून चालली तरी फाटक ढिम्म. भाच्याने प्रोग्राममध्ये एक ठरलेला आकडा टाकला होता, त्याच्या खाली गेलं की गाडी आली. तो आकडा रोज थोडा इकडे थोडा तिकडे करणं चालू होतं, सकाळी बरोबर बसायचा आणि रात्री बिघडायचा. शेवटी मी म्हटलं आधी आकडे लिहून तर काढ, आणि लिहिल्यावर विषयच संपला. दुपारी खिडकी उघडी असताना मोकळा एलडीआर ९४० दाखवायचा, वर डबा उभा केला की ६१०. रात्री खोलीतल्या एका ट्यूबवर मोकळा ५८०, डब्याखाली १५०. आता रेघ कुठं मारणार? दुपारी डब्याखाली जेवढा उजेड आहे तेवढा रात्री मोकळ्या रुळावरही नाही. एलडीआर बिचारा खरंच सांगत होता, आपण त्याला गाडी विचारत होतो आणि तो उजेड सांगत होता.

दुसरं, डब्यांच्या मधली फट. आयसीएफ डबा या स्केलला साधारण २४५ मिलिमीटरचा होतो आणि दोन डब्यांत दीडेक सेंटिमीटर फट राहते. स्केलप्रमाणे ताशी ६० किलोमीटर म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला १९ सेंटिमीटर, म्हणजे ती फट सेन्सरवरून ८० मिलिसेकंदात निघून जाते. एलडीआर तसा आळशी, उजेड बदलला की त्याला काही दहा मिलिसेकंद लागतात, त्यामुळे जोरात गाडी गेली तर फट कळायची नाही आणि हळू गेली तर कळायची. चार डब्यांची गाडी कधी एक गाडी म्हणून मोजली जायची, कधी तीन, कधी पाच. मी तेव्हा भाच्याला सांगितलं, डिबाउन्स टाक, दीड सेकंद सलग उजेड दिसल्याशिवाय गाडी गेली म्हणू नकोस, झालं काम. फटीपुरतं ते बरोबर होतं. बाकी कशालाच नव्हतं.

ती संध्याकाळ

जानेवारी, गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. काकांकडे पाहुणे आलेले, होम मैदानावर जायच्या आधी पोरांना गच्चीवर रेल्वे दाखवायची ठरली. खोलीत दहा-बारा माणसं, खिडकीतून उतरतं ऊन थेट फाटकावर, फाटक आपलं मनाला येईल तसं वरखाली करतंय, पोरांना त्यातही मजाच. एक गाडी, इंजिन आणि चार डबे, म्हणजे सव्वा मीटर, डोंगरातल्या एक नंबर लाईनीत शिरत होती. तेवढ्यात लाईट गेली.

गेली आणि पाच-सात सेकंदात आलीही. त्या पाच-सात सेकंदात काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी प्लग काढून-घालून बघितल्यावर कळलं. आर्डुइनो आणि गाड्यांना करंट देणारा कंट्रोलर इन्व्हर्टरवर होते, काकांनी मुद्दाम तशी सोय केलेली, लाईट गेली तरी गाडी मध्ये अडकू नये म्हणून. पण डोंगरातली पट्टी साध्या बोर्डावर होती. लाईट गेली, पट्टी विझली, चारही सेन्सर अंधारात. प्रोग्रामला वाटलं की एक नंबरची गाडी बाहेरच्या तोंडाशी पोचली, म्हणून त्याने रिले सोडला आणि गाडी लाईनीच्या मध्येच उभी राहिली, दोन्ही सेन्सरच्या अधेमधे. मग लाईट आली, पट्टी पेटली, बाहेरच्या तोंडाचा सेन्सर अंधारातून उजेडात आला आणि दीड सेकंद उजेडातच राहिला. प्रोग्रामच्या हिशोबाने याचा अर्थ एकच, गाडी निघून गेली, एक नंबर मोकळी. त्याने सांधा एक नंबरला लावला आणि बाहेर फिरणारी दुसरी गाडी आत सोडली.

आवाज फार मोठा नव्हता. प्लास्टिकच्या डब्यात चमचा पडावा तसा. मग मोटारीचं गुरगुरणं, आणि बोगद्याच्या तोंडातून शेवटचा डबा तिरका होऊन थरथरत होता. काकांनी पहिलं काम काय केलं तर खोलीतल्या सगळ्यांना "हात लावू नका" म्हणाले आणि मेन स्विच बंद केला. नोकरीची सवय. काकांनी स्वतः पत्रा कापून केलेल्या गार्डच्या डब्याच्या पायऱ्या मोडल्या होत्या, त्या त्यांनी रुमालात गोळा केल्या आणि खाली गेले. चहा झाला, शेंगाचटणी-भाकरी झाली, रेल्वेचा विषय कुणी काढला नाही.

समोर काय काय पर्याय होते

दुसऱ्या दिवशी कारण सापडल्यावर भाच्याने दोन मिनिटांत इलाज सांगितला. "मामा, पट्टीचा प्लग इन्व्हर्टरवर घालतो, संपला विषय." माझाही कल तिकडेच होता, खोटं कशाला बोलू, कारण ॲडॅप्टर मी लावलेला आणि मलाही विषय लवकर संपायला हवा होता. काका म्हणाले, "दुखणं म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला. उद्या पट्टीच जळाली तर? इन्व्हर्टरच बसला तर?" प्लग त्या दिवशी हलवलाच, पण गाड्या चालवायच्या नाहीत असं ठरलं. इथून पुढचा दीड महिना रेल्वे बंद होती आणि भाचा वैतागला होता, मला आज वाटतं तो निर्णय काकांनी घेतला नसता तर आम्ही प्लगवरच थांबलो असतो.

मग खरी चर्चा सुरू झाली. उजेडाचाच मार्ग ठेवायचा तर भाच्याची कल्पना अशी की एक जास्तीचा एलडीआर कुठल्याही गाडीखाली येणार नाही असा बसवायचा, खोलीचा उजेड त्याने सांगायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. कल्पना चांगली, पण बघायला आलेल्या माणसाची सावली एकाच सेन्सरवर पडते, दुसऱ्यावर नाही, तेव्हा काय? दुसरी कल्पना, प्रत्येक सेन्सरने आपली सरासरी स्वतः हळूहळू बदलत न्यायची. हे करून बघितलं. ऊन उतरताना मस्त चालतं. मात्र गाडी सेन्सरवरच दहा मिनिटं उभी केली की प्रोग्रामला अंधाराची सवय होते आणि गाडी दिसेनाशी होते. डोंगरात गाड्या उभ्याच राहतात, त्यामुळे हे बाद.

मग टीसीआरटी ५०००, सगळ्यांच्या ओळखीचं ते छोटं काळं सेन्सर, एकाच डबीत इन्फ्रारेड एलईडी आणि तिचा उजेड ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर. रुळाखाली बसवायचं, गाडी वर आली की तिच्या पोटावर आपटून उजेड परत येतो. बाहेरच्या उजेडाची गरज नाही, मॉड्यूल तयार मिळतं, स्क्रू फिरवून सेटिंग. भाच्याला हेच पाहिजे होतं, दुकानात माझ्याकडे सहा पडून होते, मलाही हेच पाहिजे होतं. त्याचा खरा पल्ला काही मिलिमीटरचा, सगळ्यात चांगलं अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि आपल्या डब्यांचं पोट काळं. गंमत बघा, डोळ्याला सारखेच काळे दिसणारे दोन डबे घेतले, एकाचं पोट छान चमकून परत दिसलं आणि दुसरा डबा त्याला दिसेचना. रंगात काजळी असेल तर ती इन्फ्रारेडही पिऊन टाकते, दुसऱ्या रंगात ती नसेल. खाली पांढऱ्या पट्ट्या चिकटवून हे सुटलं असतं.

अडलं ते काकांच्या एका प्रश्नावर. "याचा दिवा गेला तर हा काय सांगणार?" दिवा गेला तर उजेड परत येणार नाही, उजेड नाही म्हणजे गाडी नाही, म्हणजे लाईन मोकळी. "म्हंजे मेल्यावर सुदीक हा लाईन क्लियर देणार," काका म्हणाले, "नको असला माणूस स्टेशनात."

इथं काकांनी आम्हाला जे समजावलं ते रेल्वेवाल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. खऱ्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळाच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असेल तेव्हा रुळातून करंट जातो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की तिच्या चाकांतून करंट आडवा पळतो, रिले पडतो. बॅटरी उतरली, वायर तुटली, रूळच तुटला, तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड झाला की तो "गाडी आहे" असाच दिसतो. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकनाने १८७२ साली याचं पेटंट घेतलं, आणि त्यानेही आधी उलटी पद्धत करून बघितली होती, गाडी आली की सर्किट पुरं होणारी, मग ती टाकून दिली कारण वायर तुटली तरी ती गप्प बसते. आमचा टीसीआरटी म्हणजे तीच टाकून दिलेली पद्धत.

मग गंमत अशी की एलडीआर या बाबतीत बरोबर होता! अंधार म्हणजे गाडी, दिवा गेला म्हणजे गाडी. त्या संध्याकाळी लाईट गेल्यावर सगळं थांबलं ते योग्यच झालं. घोळ झाला तो लाईट आल्यावर.

बाकी पर्याय भराभर सांगतो. रीड स्विच (लोहचुंबक जवळ आला की जुळणारा) आणि इंजिनाखाली लोहचुंबक, स्वस्त आणि पक्कं, पण ते फक्त इंजिन सांगतं, शेपटाचं काय. रुळाच्या तुकड्यातला करंट मोजून तिथं गाडी आहे का ओळखणं, हे सगळ्यात खरं, पण साध्या डीसीवर गाडी थांबवली की करंटच नाही, आणि साधे डबे करंट घेत नाहीत, प्रत्येक डब्याच्या एका धुरीला रेझिस्टन्स लावत बसावं लागतं. काकांकडे चौदा डबे. तो विषय पुढे ढकलला.

शेवटी काय केलं

रुळाच्या आडवा इन्फ्रारेडचा किरण. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर, मध्ये गाडी आली की किरण तुटतो. दिवा गेला तरी तुटलेलाच दिसतो. काकांची अट पुरी झाली.

किरण सरळ आडवा न टाकता ४५ अंशात तिरका टाकला, आणि यामुळे फटीची कटकट मुळातूनच गेली. डब्याची रुंदी या स्केलला ३७ मिलिमीटर. ४५ अंशात जाणारा किरण ३७ मिलिमीटर आडवा जाईपर्यंत रुळाच्या दिशेनेही ३७ मिलिमीटर सरकतो, आणि फट फक्त १५ ची, म्हणजे पुढच्या डब्याला चुकवून मागच्या डब्यालाही चुकवून निघून जाणं त्याला शक्यच नाही. हे भाच्याने वहीच्या पानावर स्केलने काढून दाखवलं तेव्हा काका पहिल्यांदा "वा बे" म्हणाले. उंची मात्र डब्याच्या अंगावर यायला हवी, डब्याखाली चाकांच्या दोन जोड्यांच्या मधून किरण गेला तर काही उपयोग नाही.

डोंगरात दोन लाईनींच्या मध्ये जागा किती? मधल्या रेषा पाच सेंटिमीटरवर, त्यातून डब्याची रुंदी वजा केली की १३ मिलिमीटर. तीन मिलिमीटरच्या एलईडी पाठीला पाठ लावून तिथे मध्ये उभ्या केल्या, प्रत्येकीचं तोंड आपापल्या लाईनीकडे, आणि फोटोट्रान्झिस्टर बाहेरच्या अंगाला. त्यामुळे एका लाईनीचा उजेड दुसऱ्या लाईनीच्या डोळ्यात जात नाही. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे एलईडी पेटली का हे बघायला मोबाईलचा पुढचा कॅमेरा, त्यात जांभळट ठिपका दिसतो. काकांनी तो ठिपका बघायला चष्मा बदलला, मग भाच्याला म्हणाले, सहाही दाखव. सहाही बघितल्या.

एलईडींना प्रत्येकीला स्वतःचा २२० ओहम दिला. भाचा तीन-तीनची माळ करणार होता, करंट वाचतो म्हणून, पण माळेतली एक गेली की तीन विझतात आणि मग शोधत बसा, दिवाळीत जसं होतं तसं. सहा वेगळ्या म्हणजे मिळून शंभर मिलिॲम्पच्या आसपास, आर्डुइनोच्या एका पिनेला ते झेपत नाही, म्हणून मध्ये एक २एन२२२२ ट्रान्झिस्टर.

ट्रान्झिस्टर मध्ये घालायचं कारण म्हणजे एलईडी सतत पेटत्या ठेवायच्याच नव्हत्या. प्रोग्राम एलईडी बंद ठेवून एक आकडा वाचतो, लगेच एलईडी पेटवून दुसरा वाचतो, आणि वजाबाकी करतो. खोलीतलं ऊन, ट्यूब, काय असेल ते दोन्ही आकड्यांत सारखंच येतं आणि उडून जातं, उरतो तो फक्त आपल्या दिव्याचा उजेड. एलडीआरला हे जमलं नसतं, तो फार सुस्त. फोटोट्रान्झिस्टर चपळ असतो. एक खाच इथेही होती, जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्यामुळे दोन वाचनं लांब लांब घेतली तर वजाबाकीत तीच लुकलुक उतरते. आर्डुइनोला एक वाचन करायला मिलिसेकंदाचा दहावा भागच लागतो, म्हणून दोन्ही चिकटून घेतली. किरण मोकळा असताना फरक ३५० च्या आसपास, तुटला की २० च्या खाली. रेघ एक न मारता दोन मारल्या: १०० च्या खाली गेलं की गाडी आहे, १८० च्या वर आलं की मोकळं, मधल्या पट्ट्यात असेल तर आधीचंच धरायचं.

फाटकाजवळ मात्र संध्याकाळचं ऊन एवढं थेट यायचं की फोटोट्रान्झिस्टर आधीच पूर्ण भरलेला, एलईडी पेटली काय नि विझली काय, फरक शून्य. शून्य म्हणजे गाडी. फाटक परत पडायला लागलं. यावर तीन गोष्टी केल्या, त्याचं तोंड खिडकीकडून फिरवलं, त्यावर इंचभर काळी श्रिंक नळी चढवली, आणि ४७ के चा रेझिस्टन्स काढून १० के घातला म्हणजे तो इतक्यात भरत नाही. तरी महाशिवरात्रीच्या सुमारास एक दहा मिनिटं ऊन बरोबर त्या नळीसमोरच्या काचेवरून उलटून यायचं. काकूंनी जुन्या सोलापुरी चादरीचा पडदा लावला खिडकीला. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला इलाज तोच निघाला, तो पहिल्या दिवशी कुणाला सुचला नाही.

आता प्रोग्राम. इथे दोन बदल, आणि त्या संध्याकाळची धडक फक्त यांनीच टळली असती, सेन्सर एलडीआरच असते तरी. पहिला, सेन्सर मोकळा झाला म्हणून गाडी "निघाली" असं मानायचं नाही, ज्या लाईनीचा रिले आपण ओढला होता तिथूनच गाडी निघू शकते. आपण सोडलीच नाही तर ती गेली कशी? सेन्सर काही म्हणो, लाईन भरलेली. दुसरा, सहाही सेन्सर किंवा डोंगरातले चारही एकदम तुटले तर ती गाडी नाही, तो बिघाड, सगळं थांबवायचं आणि दोन्ही लाईनी भरलेल्या धरायच्या. आर्डुइनो नव्याने चालू झाला तरी तसंच.

आणि मग मोकळं कोण करणार? यावर दोघांचं सगळ्यात मोठं वाजलं. भाच्याचं म्हणणं, लाईट आल्यावर सेन्सर बघून प्रोग्रामने स्वतः ठरवावं. काका म्हणाले सेन्सर दोन जागा बघतो, मधला दीड मीटर कोण बघणार? खऱ्या रेल्वेत ॲक्सल काउंटर, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या धुऱ्या मोजणारं यंत्र, रीसेट करायच्या आधी रूळ खरंच रिकामा आहे याची खात्री करावी लागते, तसंच इथे. डोंगराच्या मागच्या बाजूला थर्माकोलचा एक तुकडा सुटा केला, बॅटरी मारून आत बघायचं आणि मग त्या लाईनीचं बटण दाबायचं. प्रत्येक लाईनीला वेगळं बटण, दोन्हीला मिळून एक नाही. भाच्याला ते बटण आजही आवडत नाही.

निकाल

त्यानंतर वर्षभरात लाईट किती वेळा गेली त्याची मोजदाद नाही, पण धडक एकदाही झाली नाही. सगळ्यात चांगला पुरावा एप्रिलमध्ये मिळाला. दोन नंबर लाईन दोन दिवस "भरलेली" दाखवत होती आणि आत काहीच नव्हतं. माझ्याच हातचा एक सोल्डर सुटलेला, एलईडी बंद. दोन दिवस एकाच लाईनीवर गाडी फिरवावी लागली, काका चिडले, पण टीसीआरटी असता तर हेच उलटं झालं असतं आणि ते आम्हाला धडकेनंतर कळलं असतं.

मे मध्ये पत्र्याखाली खोली इतकी तापली की ग्लूगनने चिकटवलेल्या दोन एलईडींची तोंडं खाली झुकली. ग्लूगनचा डिंक मऊ पडतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात तो वापरणं हा सरळ माझा मूर्खपणा. आता इपॉक्सीत बसवल्यात.

आणि तूस. शेजारच्या लूममधलं कापसाचं तूस हवेत तरंगतं आणि त्या काळ्या नळीत जाऊन बसतं. मोकळ्या किरणाचा आकडा दोन महिन्यांत ३५० वरून २१० वर आला होता, भाचा दर रविवारी आकडे वहीत उतरवतो म्हणून कळलं, नाहीतर १८० च्या खाली गेल्यावर लाईन मोकळी होईनाशी झाली असती आणि आम्ही सोल्डर शोधत बसलो असतो. आता महिन्यातून एकदा रंगाच्या बारीक ब्रशने नळ्या झाडतात. वही अजून चालू आहे.

परत करायचं झालं तर

आकडे पहिल्या दिवशी लिहून काढले असते, दुपारचे आणि रात्रीचे, भरलेले आणि मोकळे, तर एलडीआरवर दोन महिने गेलेच नसते. एका पानाचं काम होतं. प्लग काढून बघायची चाचणीही पाहुणे यायच्या आधी करायची गोष्ट, कुठलंही एक वायर काढ आणि प्रोग्राम काय म्हणतो बघ. ती आता काका दर दिवाळीला करतात, भाच्याला खोलीबाहेर उभं करून, कुठली वायर काढली ते न सांगता.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. मागच्या महिन्यात गाडी एक नंबरमधून निघाली, किरण तुटला, जुळला, प्रोग्रामने स्वतः सोडलेली होती, सगळं नियमाप्रमाणे, लाईन मोकळी. पण शेवटच्या डब्याचं कपलिंग सुटून तो आतच राहिला होता, दोन्ही किरणांच्या मध्ये. नशीब की काकांचं लक्ष बाहेर आलेल्या गाडीवर होतं आणि शेवटच्या डब्यावरची एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेईकल'ची पाटी त्यांना दिसली नाही, स्टेशनमास्तर बघतो तशी ते अजून प्रत्येक गाडीची बघतात. ओरडले आणि स्विच बंद केला.

म्हणजे आता आत गेलेले डबे आणि बाहेर आलेले डबे मोजायला हवेत. त्यासाठी किरण सरळ आडवा आणि खाली चाकांच्या उंचीला पाहिजे, प्रत्येक धुरीला लुकलुकणारा. ज्या लुकलुकीला वैतागून आम्ही तिरका किरण केला तीच आता मुद्दाम पाहिजे. तिरके आहेत ते राहणार, सरळ चार वाढणार, आणि उनोला ॲनालॉग पीन एकही शिल्लक नाही. भाच्याने मेगा, म्हणजे जास्त पिनांचा आर्डुइनो, मागवलाय. काका म्हणतात मेगा येईपर्यंत एलव्ही मी बघतो, स्टूल घेऊन बोगद्याच्या तोंडाशी बसलेत.